पाईप कुठे जातो

१६ ऑगस्ट

चि. सौ. रूपाली,

आशीर्वाद आधी लिहायचे असतात म्हणून लिहितो. तू माझा फोन घेत नाहीस, तेव्हा कागदाशिवाय दुसरा मार्ग उरला नाही. मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं. पत्रलेखन मराठीच्या सरांकडे होतं. काही चुकलंमाकलं तर सांभाळून घे.

आशाला घेऊन तू खांडबाऱ्याला तुझ्या भावाकडे, मगनकडे, नीट पोचलीस हे भाग्येशने कळवलं. कच्छातून, पवनचक्कीच्या साइटवरून त्याचा फोन होता. बायको घर सोडून गेली म्हणून नवरा बापावर ओरडेल असं मला वाटलं होतं, पण तो ओरडला नाही. 'आबा, तुमचं तुम्ही बघा,' म्हणाला आणि ठेवला फोन. बरं झालं, माहेरी चार दिवस राहिलं की माणसाचं मन हलकं होतं.

कानबाई देवीच्या सणाला झालं ते फार मनाला लावून घेऊ नकोस. आमच्या सुकलालला नको तिथे नाक खुपसायची सवय लहानपणापासूनची. चुलतभाऊ असला म्हणून काय झालं? पाहुण्याने संडासात जावं, बाहेर यावं, हात धुवावेत. मागच्या पाईपांचा अभ्यास करायची गरज नव्हती, आणि भर पंगतीत विचारायची तर त्याहून नव्हती. 'दादा, हाऊ संडासना पाईप कोठे जास?' तो गोबरगॅसच्या टाकीत जातो आणि त्याच गॅसवर कानबाईचं पुरण शिजलं, हे कळल्यावर पंगत उठायचीच होती. प्रसादाचा रोट भाऊकीबाहेर कुणाला देता येत नाही आणि उकिरड्यावर टाकताही येत नाही. शेवटी सगळे टोपल्यात भरून तापी नदीत सोडले. तुझ्या सासूबाईंनी तुला नाही नाही ते ऐकवलं. पण आमच्या तापीबाईंचा स्वभाव तू जाणतेस, दूध उतू जातं तसा राग येतो आणि तसाच खाली बसतो. गोंधळ इतका होता की मला काही बोलता आलं नाही.

इकडे सगळं ठीक. गोबरगॅस व्यवस्थित चालू आहे. टाकीतून निघणारी मळी दिली त्या ओळीतल्या केळी बाकीच्यांपेक्षा उजव्या दिसतात, तू म्हणाली होतीस तसंच. गणपतीआधी ये.

तुझे
आबा


९ सप्टेंबर

चि. सौ. रूपाली,

तुझा निरोप मिळाला. भाग्येशने तो फोनवर वाचून दाखवला, आणि मास्तराचा मुलगा असल्यामुळे प्रत्येक शब्द सुटा सुटा वाचला. 'बोलता आलं नाही असं लिहू नका. तुम्ही बोललात. जिथे बोललात तिथेच आता खरं सांगा. मला पत्रं नकोत.'

तरी लिहितो आहे. तू वाचणार नाहीस असं धरून लिहिलं की हात जरा मोकळा चालतो.

होय, मी बोललो. सुकलालने विचारलं तेव्हा तू पुरणाचं पातेलं घेऊन माझ्यासमोरच उभी होतीस. सगळी पंगत माझ्याकडे पाहत होती, आणि मी म्हणालो, 'माले काय म्हाईत? सूननी बसाडेल शे, तिलेज इचारा.' एवढंच वाक्य. पातेलं खाली ठेवलंस आणि माझ्याकडे पाहत राहिलीस, मी अजून काहीतरी पुढे म्हणेन म्हणून. मी हात धुवायला उठलो.

माझ्या खोटेपणाची मला लाज वाटते, हे आज साध्या शब्दांत लिहून टाकतो. म्हशी विकल्यावर गोठ्यात दोनच गाई उरल्या आणि गॅस दुपारीच संपायला लागला, तेव्हा संडास टाकीला जोडायचं तुझ्या डोक्यात नव्हतं. ते माझ्या डोक्यात होतं. ओट्यावर खडूने आकृती काढून मीच तुला समजावलं, की हवा न मिळणाऱ्या टाकीत जिवाणू शेण काय आणि माणसाची विष्ठा काय, दोन्हींतून मिथेनच काढतात. मिथेनला जात नसते. तू एकच विचारलं होतंस, 'आईंना पटेल का?' मी म्हणालो, 'त्यांना मी सांगतो, सावकाश.'

दीड वर्ष मी सावकाशच सांगत होतो. एकदा सासूबाईंनी संडासात फिनाईल ओतलं आणि टाकीतले जिवाणू मेल्याने चार दिवस शेगडी पेटेना. त्या विचारायला लागल्या, तर मी ढगाळ हवेवर ढकललं. तू चुलीपाशी पाठमोरी हसत होतीस. तेव्हा मला वाटलं की आपण दोघं मिळून एक गंमत करतोय. खरं म्हणजे मी तुला माझ्या भित्रेपणात भागीदार करून घेत होतो.

कानबाईच्या दिवशी सासूबाईंनीच पुरणाचं पातेलं गोबरगॅसवर ठेवायला सांगितलं, कारण सिलिंडर संपला होता आणि लाकडं ओली होती. तू माझ्याकडे पाहिलंस. मी पेपर वाचत होतो, म्हणजे पेपर समोर धरला होता.

मला नेमकी कशाची भीती वाटली, त्याचाही विचार केला. आमच्या भाऊकीत पहिला शिकलेला मी. कुणाची मोटर जळो, कुणाची पोरगी बारावी होवो, आधी मला विचारतात. कानबाई बाटवणारा मास्तर म्हटल्यावर तो मान गेला असता. तो वाचवायला मी तुझा दिला.

पंगतीत सांगण्याचं बघतो. आता लगेच तर कानबाई नाही. मधे एखादं लग्नकार्य निघेल.

आबा


१२ नोव्हेंबर

रूपाली,

काल आशाचा फोन आला. तू तिला अभ्यासापुरती माझ्याशी बोलायची परवानगी दिलीस, हा तुझा मोठेपणा. तिला 'घरातील ऊर्जा साधने' असा तक्ता करायचा होता. पुनर्नवीकरणीय म्हणजे काय, ते विचारलं. मी सांगितलं की जे वापरलं तरी पुन्हा पुन्हा मिळतं ते, म्हणजे ऊन, वारा, वाहतं पाणी, शेण. आणि कोळसा, डिझेल, सिलिंडरमधला गॅस हे जमिनीखाली तयार व्हायला कोट्यवधी वर्षं लागली, जाळलं की गेलं. पोरगी हुशार आहे. म्हणाली, 'मग कारखान्यात उसाच्या चिपाडावर वीज करतात ती?' मी म्हटलं, शाब्बास, ऊस दरवर्षी येतो, म्हणजे तीही त्यातच. फार बरं वाटलं. इथे विश्वासाला कोळशाची उपमा द्यायचा मोह झाला होता, पण तो टाळतो. मास्तरांना अशा उपमा फार सुचतात आणि त्यांच्याआड लपायलाही जागा फार असते.

मग तिने विचारलं, 'आबा, आपला गोबरगॅस चालू आहे ना? मी तक्त्यात तो सगळ्यात वर लिहिलाय.' मी हो म्हणालो.

तो चालू नाही, रूपाली. पहिल्या पत्रातही मी तुला खोटंच लिहिलं. तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी सुकलाल आणि भाऊकीतले चार जण आले. ते बसले खाटेवर आणि मी त्यांच्या देखत करवतीने पाईप कापला, तोंडाला सिमेंट भरलं. मग सासूबाई म्हणाल्या की ती शेगडीच घरात नको. शेगडी गोठ्यात पडली आहे. टाकी कोरडी पडायला लागलीय. चाळीस पोरांच्या वर्गाला मी गोबरगॅसचे फायदे तोंडपाठ म्हणायला लावायचो, आणि स्वतःच्या अंगणातला स्वतःच्या हाताने मारला.

सासूबाई आता सिलिंडर पुरवून वापरतात आणि एरवी चुलीत पऱ्हाट्या जाळतात. कपाशीच्या काड्या भर्रकन पेटतात आणि भर्रकन विझतात, सारखं समोर बसावं लागतं. धुराने त्यांचे डोळे लाल होतात. फुंकणीने फुंकतात आणि तुझ्या नावाने बोटं मोडतात. 'तिन्ही मन्ही कानबाई बाटाडी.' मी ओट्यावर बसून ऐकतो. कधी कधी मान हलवतो.

सुकलालच्या पुतण्याचं लग्न झालं. पंगत होती. मी बासुंदी खाल्ली आणि घरी आलो.

आबा


१५ डिसेंबर

रूपाली,

लिहिणार नव्हतो. पण कालचं कुणाला तरी सांगायला हवं, आणि माझं खरं रूप माहीत असलेलं माणूस तूच एक आहेस.

काल ऊर्जा संवर्धन दिन होता. शाळेने मला बोलावलं, जुने सर म्हणून. शाल, नारळ, माइक. तू मला बोलताना पाहिलं आहेस, सभा दिसली की माझा आवाज आपोआप मोठा होतो. पवनचक्कीचं पातं किती लांब असतं हे दाखवायला मी पोरांना रांगेत उभं केलं. नदीकाठच्या गावात सगळ्यांनी एकाच वेळी मोटारी लावल्या की विजेचा डीपी का उडतो, तो धडा घेतला. सौर पंप रात्री का चालत नाही, यावर पोरं हसली. मग गोबरगॅसवर आलो. म्हणालो, 'मुलांनो, या टाकीत काय काय चालतं? जनावरांचं शेण चालतं, स्वयंपाकघरातला ओला कचरा चालतो, आणि...'

पहिल्या रांगेत खुर्चीवर सुकलाल बसला होता. शाळेच्या समितीवर आहे तो. गुडघ्यावर हात ठेवून माझ्याकडे बघत होता. त्याच्या मनात काही नव्हतंही कदाचित, सभेत तो नेहमी तसाच बसतो.

मी म्हणालो, 'इत्यादी.'

पोरांनी वहीत लिहून घेतलं. इत्यादी. मी दुपारभर तो एकच शब्द चघळत होतो. त्या एका शब्दात तू होतीस, आशा होती, आणि ओट्यावरची खडूची आकृती होती. मी पुढचं वाक्य घेतलं आणि टाळ्या झाल्या.

घरी येऊन शाल खुंटीला लावली. सासूबाईंनी विचारलं, काय बोललात? मी म्हटलं, नेहमीचंच. त्याहून खरं उत्तर मी वर्षभरात दिलं नसेल.

विसरवाडीकडच्या गावांमध्ये तू लोकांच्या गोठ्यांत गोबरगॅस बसवून द्यायच्या कामाला लागलीस, असं एका जुन्या विद्यार्थ्याकडून कळलं. टाकीला संडास जोडायचा असेल तर घरातल्या सगळ्यांना, अगदी आजीलासुद्धा, आधी समोर बसवून विचारतेस म्हणे. तो तुझं कौतुक सांगत होता. मी खाली बघत होतो.

हेमकांत


२ मे

रूपाली,

आज दुपारी सांगायचं ठरवलं होतं. पंगत नाही तर निदान घरात. सासूबाई चुलीपाशी होत्या, डोळ्यांना पदर लावून. मी म्हणालो, 'तापी, ऐक.' लग्नानंतर मी त्यांना नावाने फारशी हाक मारलेली नाही. त्यांनी दचकून पाहिलं. 'काय व्हयनं? बरं नही का?'

मी म्हणालो, 'चहा टाक.'

एवढंच. उन्हाने माणसं तडकली आहेत इकडे. आशाला उन्हात पाठवू नकोस.

हेमकांत


४ ऑगस्ट

रूपाली,

हे पत्र तुझ्या हातात पडेल तोवर तुला सगळं कळून चुकलं असेल, कारण सांगणारी व्यक्ती आज सकाळच्या गाडीने तुझ्याकडे निघाली. तरी लिहितो. माझ्याकडचं माझ्या हाताने लिहिलेलं असावं.

यंदा कानबाई आपल्या घरी बसली नाही. भाऊकीने ठरवलं की बाटलेल्या घरात नको, सुकलालकडे बसवू. आपल्याला आमंत्रण होतं. पाईप कापल्यामुळे आम्ही पंगतीत चालणार होतो. सासूबाई पहाटेच जाऊन रोटाच्या कामाला लागल्या. वर्षभराने त्यांना बायकांमध्ये मानाने बसायला मिळत होतं. हे मला माहीत होतं, आणि आज तोंड उघडलं तर ते पुन्हा जाणार हेही. सुटका करून घ्यायला हे कारण किती सुरेख होतं, ते तुला कळेल. वाटेत मी ते तीनदा हातात घेऊन पाहिलं.

पानं वाढली. पुरण, खीर, गंगाफळाची भाजी, मधे रोट. सुकलाल माझ्या शेजारी बसला होता. सगळ्यांनी हात जोडले, आणि त्यानंतर जेवायला सुरुवात होण्याआधीची जी शांतता असते तेवढीच जागा होती. मी उभा राहिलो.

मी म्हणालो, 'मांगला साल मी खोटं बोलनू. तो पाईप मी बसाडेल व्हता. सूनले मीच सांगेल व्हतं. घरमा सांगसू असं कबूल करेल व्हतं, तेबी सांगं नही. तिन्हा काहीज दोष नही.' आणि टाकीत काय काय जात होतं तेही पूर्ण सांगितलं, शेणापासून संडासापर्यंत. इत्यादी म्हणालो नाही.

वाटलं होतं की आता आभाळ कोसळेल. कोसळलं नाही. कुणी पान सोडून उठलं नाही. सुकलाल पानाकडे बघत राहिला. मग पार्वतीकाकू, आमच्या भाऊकीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या, म्हणाल्या, 'खाली बस. रोट थंडा व्हई ऱ्हायना.' ज्या मानासाठी मी तुला पंगतीत उघडं पाडलं, तो गेला की राहिला, हे विचारायचंसुद्धा कुणाच्या मनात आलं नाही. सगळे जेवायला लागले.

पण सासूबाई वाढायच्या थांबल्या होत्या. हातात खिरीचं भांडं होतं. ते त्यांनी खाली ठेवलं, अगदी तू पातेलं ठेवलं होतंस तसं. माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

'वरीसभर मी तिन्हा नावनी बोटं मोडी ऱ्हायनी,' त्या म्हणाल्या, 'आनि तुमी आयकत बसनात?'

या वेळी खरोखरच बोलता आलं नाही.

'संडासनं माले पटत नही. आज बी पटत नही,' त्या म्हणाल्या. 'पन ती खोटी नव्हती. खोटा माणूस मन्हा घरमा व्हता, आनि मी दुसरालेज बोलत बसनी.'

मग त्यांनी बाजूला ठेवलेला स्वतःच्या वाट्याचा रोट उचलला, धुतलेल्या फडक्यात बांधला आणि पदराखाली धरला. सुकलालने मान वर केली. तो वाईट माणूस नाही, त्याला रीत राखायची असते. 'वहिनी, रोट भाऊकीबाहेर जात नही.'

'बाहेर कोठे?' सासूबाई म्हणाल्या. 'मन्ही सून शे ती. तिन्हा वाटाना रोट मांगला साल तापीमा गया. हाऊ तिन्हा शे.'

पार्वतीकाकूंनी आपल्या पानातला अर्धा रोट मोडला आणि त्या फडक्यात ठेवला. आशासाठी.

घरी आल्यावर मी तुझ्यासाठी दोन ओळी लिहिल्या आणि त्यांच्यापुढे धरल्या. त्यांनी हात लावला नाही. 'तुमना कागद मी लई जात नही. जे सांगनं शे ते मी सोता सांगसू.' सकाळी मी त्यांना स्टँडवर सोडायला गेलो. गाडीत बसल्यावर फडकं मांडीवर घेतलं आणि खिडकीतून दुसरीकडे पाहिलं. परत कधी येणार हे विचारायचा धीर मला झाला नाही.

आता घरात मी एकटा आहे. सिमेंट फोडून पाईप पुन्हा जोडणार होतो, छिन्नी हातात घेतलीही होती. मग खाली ठेवली. ज्यांच्या घरात तो जोडायचा, त्यांना अजून कुणी समोर बसवून विचारलेलं नाही. त्या परत आल्या तर विचारीन. नाही म्हणाल्या तर तो पाईप तसाच राहील.

तू ये असं मी म्हणत नाही. तू म्हणालीस तिथे मी बोललो, पण वर्षभर उशिराने, आणि ते वर्ष तुझं आणि तापीचं गेलं. आशीर्वाद लिहायचा हक्क सध्या माझ्याकडे नाही, तो मोकळा सोडतो.

हे तुला उशिराच मिळेल, तरी सांगतो: दार वाजेल तेव्हा उघड. तिने फडकं पुढे केलं तर घे. तिचे डोळे धुराने खराब झालेत, पायरी नीट दिसत नाही, हात धरून आत ने. आणि ती माझ्याविषयी जे काही सांगेल, ते खरं धर.

हेमकांत